चौदा नंबरचा निळा

३ फेब्रुवारी १९९३, बुधवार

आजपासून लिहून ठेवणार. आठवणीवर विसंबणारा माणूस भांडणात हरतो, हे मी मोनफाल्कोनेच्या गोदीत जहाजं रंगवत होतो तेव्हाच शिकलो. तारीख, वेळ, बरणीचा नंबर. एवढं हाताशी असलं की समोरचा कितीही शिकलेला असो.

तर आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी चौदा नंबरची बरणी उघडली, आणि आतला रंग माझा नव्हता.

चौदा म्हणजे आलिसेआ परीच्या पंखांचा निळा. ‘सात पऱ्यांचं बेट’ या कार्टूनपटांच्या मालिकेतला हा अकरावा. सोळा वर्षांत दिग्दर्शक तीन झाले, पऱ्यांचे आवाज बदलले, पाचव्या भागात मेलेली परी मुलांनी पत्रं पाठवली म्हणून सहाव्यात जिवंत झाली. चौदा बदलला नाही. पहिल्या भागाच्या वेळी व्हेनिसच्या कलाशाळेतून आलेले लोक म्हणत होते, परी आहे, आकाशी करा. मी म्हटलं, आकाशी रंग बाळाच्या दुपट्याला. पहाटे सहाला आमच्या त्रिएस्तेच्या खाडीत पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नाही, तो रंग पाहिजे. घरच्या स्वयंपाकघरात एकवीस वेळा कालवला. बाविसाव्यांदा जमला. तेव्हापासून चौदाची प्रत्येक बरणी माझ्या हातची.

चित्रं सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर उतरतात आणि आमच्या रंगशाळेतल्या आठ बायका मागच्या बाजूने ती माझ्या बरण्यांतून भरतात. बरणी चुकली तर परी या खिडकीतून एका रंगाची बाहेर पडते आणि त्या खिडकीतून दुसऱ्या रंगाची आत येते. मोठ्यांना कळत नाही. मुलांना कळतं.

आजचा चौदा मळका होता. पिवळट. कुणीतरी त्यात पिवडी घातली आहे.

बरण्यांच्या कपाटाच्या किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक दिग्दर्शिका फुल्वियाकडे, एक सप्टेंबरात मदतनीस म्हणून आलेल्या मिर्ता झाक्कीन्याकडे. वय सत्तावीस. व्हेनिसच्या कलाशाळेची पदवी. मला ‘मास्तर’ म्हणते. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, याचं प्रमाण अजून काढता आलेलं नाही.

५ फेब्रुवारी

बरणी ओतून दिली. नवा चौदा केला. माझ्या पद्धतीने तपासला: काळ्या पुठ्ठ्याला मिरीएवढं भोक, पुठ्ठा उजव्या डोळ्याला, डावा डोळा बंद. शेजारचे रंग डोळ्याला भुलवतात. भोकातून रंग एकटा दिसतो, मग तो खोटं बोलू शकत नाही. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, कुठल्या पुस्तकात नाही.

मिर्ता बघत होती. म्हणाली, “मास्तर, डावा डोळा कधीच वापरत नाही?”

“नेम धरणारा दोन्ही डोळे उघडे ठेवतो का?”

“रंग म्हणजे ससा थोडाच आहे.”

बायका हसल्या. मी नाही हसलो. जाताना बरणीच्या झाकणावर नेरिनाच्या डोक्यातला एक केस डिंकाने आडवा चिकटवला. (नेरिना माझी बायको. केस मागितला तर म्हणाली, “तीस वर्षांत पहिल्यांदा. कुठल्या लॉकेटमध्ये ठेवणार आहेस?”)

८ फेब्रुवारी, सोमवार

केस तुटलेला. बरणीतला रंग पुन्हा पिवळट. आता शंका नाही, पुरावा आहे.

९ फेब्रुवारी

रंगशाळेतल्या दिव्यांबद्दल तिसऱ्यांदा तक्रार केली. अगदी मरतुकडा, लोण्यासारखा उजेड. वायरमन म्हणतो, नळ्या गेल्या महिन्यातच बदलल्या, तुम्ही सांगितल्या त्याच कंपनीच्या. कुणाच्या सांगण्यावरून बोलतो, ते बघावं लागेल. अंधुक उजेडात पिवडी खपून जाते, हे ज्याला ठाऊक आहे त्याचाच यात फायदा.

तसं सगळ्या गावातच स्वस्ताचा कारभार चालू आहे. बंदरावर नगरपालिकेने नवे दिवे लावलेत. प्रत्येकाभोवती कडं दिसतं.

१२ फेब्रुवारी

फुल्विया आज माझ्याबरोबर मुद्दाम खाली बारमध्ये आली. एरवी तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. कॅपोचा, म्हणजे दूध घातलेल्या कॉफीचा, छोटा पेला हातात फिरवत म्हणाली, “तुल्लिओ, झोप नीट लागते ना?”

“मला झोप न लागण्याचं कारण रंगाच्या कपाटापाशी बसतं.”

“मिर्ता चांगली मुलगी आहे.”

“चांगली आहे म्हणून तर कुणाला संशय येत नाही.”

ती दुसरीकडे बघत म्हणाली, “पुढच्या आठवड्यात सगळ्यांच्या डोळ्यांची तपासणी करून घेऊ म्हणते. माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे. ऑफिसच्या कागदावर यायची गरज नाही. तू पहिला जा.”

सगळ्यांची तपासणी, आणि पहिला मी. आणि तीही कागदावर न येता. म्हणजे उद्या डॉक्टरने काहीही लिहिलं तर मला आव्हान द्यायला कागदसुद्धा नाही. माझ्या जागी त्या पोरीला बसवायचं आहे, हे एवढं सोपं आहे. मी म्हटलं, “गोदीत मी चाळीस मीटरवरून गंजाचा ठिपका सांगायचो.”

“ते कधी, तुल्लिओ?”

१४ फेब्रुवारी, रविवार

एकटाच रंगशाळेत गेलो. पत्र्याच्या डब्यातलं मूळ कार्ड काढलं, पहिल्या भागाचं. हा चौदाचा कायदा. सोळा वर्षं अंधारात ठेवलेलं, माझ्याशिवाय कुणी हात न लावलेलं.

कार्डही पिवळट आहे.

मागे माझी सही आहे. ‘बाविसावा’ हे माझ्या अक्षरात आहे. म्हणजे कार्ड बदललं आणि सहीसुद्धा उठवली. वळण हुबेहूब, तुल्लिओमधल्या T च्या आडव्या रेघेला मी देतो तो झोलसुद्धा. कलाशाळेत हे शिकवत असतील. मला भीती वाटली हे इथे लिहितो. बरणी बिघडवणं हा खोडसाळपणा. कार्ड बदलणं म्हणजे मी होतो हेच पुसून टाकणं.

आता कार्डावर विसंबायचं नाही. चौदा माझ्या डोक्यात आहे. त्याप्रमाणे निळा आणि थोडा जांभळा वाढवून नवी बरणी केली. भोकातून पाहिली. पहाटेचे सहा.

१६ फेब्रुवारी

नेरिनाला म्हटलं, साबण बदल, चादरी पिवळ्या पडल्यात.

“चादर जानेवारीत घेतली. तुझ्या आईने दिलेली असती तर कबूल केलं असतं.”

“मग दुकानदाराने फसवलं.”

“दुकानदार, नगरपालिका, वायरमन, मिर्ता,” ती इस्त्री करता करता म्हणाली. “अख्खं त्रिएस्ते तुझ्यावर टपलंय, तुल्लिओ. एवढा मोठा माणूस माझ्या घरात राहतो आणि मला पत्ताच नाही.”

नेरिनाला या गोष्टी कळत नाहीत.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

पकडली.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली जातात. मी अर्ध्या जिन्यातून परत आलो. मिर्ता कपाटापाशी, चौदाची बरणी उघडी, तिच्या डाव्या हातात पिवडीची डबी, उजव्यात चमचा. मला बघून तिने डबी लपवलीसुद्धा नाही.

“रंग खाली बसला होता, मास्तर. ढवळत होते.”

“पिवडीने ढवळतात का व्हेनिसला?”

तिचे डोळे भरून आले. पकडल्यावर सगळ्यांचेच येतात. मी शांतपणे चमचा काढून घेतला, रुमालात गुंडाळला. पुरावा क्रमांक चार.

२२ फेब्रुवारी

मालक रुज्जेरो बोनेत्ता यांच्याकडे लेखी तक्रार दिली. साडेतीन पानं, तारीखवार. या इमारतीत सरळ माणूस तो एकटा. मला बसवून घेतलं, स्वतः पाणी दिलं. “सिन्योर कोसार, तुमच्यासारखी हातकामाची माणसं आता राहिली नाहीत. मिलानला सगळं संगणकावर रंगवतात. ना बरण्या, ना बायका. मी फक्त तुमच्या डोळ्यांच्या भरवशावर ही रंगशाळा चालवतोय.” मग आपुलकीने विचारलं, “डोळे ठीक आहेत ना?”

“तुमच्या घड्याळातला सेकंदाचा काटा इथून दिसतो.”

“उत्तम,” ते म्हणाले, आणि काहीतरी टिपून घेतलं. चौकशी परवा.

२४ फेब्रुवारी, बुधवार

जिंकलो. शब्दन् शब्द लिहून ठेवतो.

बोनेत्तांच्या खोलीत ते, फुल्विया, मिर्ता आणि मी. मी तुटलेला केस आणि चमचा टेबलावर मांडला. बोनेत्तांनी मिर्ताला विचारलं, “तुम्ही सिन्योर कोसारांच्या रंगात भेसळ करत होतात?”

“हो.”

“कधीपासून?”

“नोव्हेंबर.”

नोव्हेंबर. म्हणजे तीन महिने, आणि पहिली तीन रिळं.

“का?”

फुल्विया उठून उभी राहिली. “रुज्जेरो, हे असं नाहीये, मी सांगते...”

“फुल्विया, तू बस,” मिर्ता म्हणाली. सत्तावीस वर्षांची पोर दिग्दर्शिकेला सांगते, बस. आणि ती बसली. मग मिर्ता बोनेत्तांकडे बघून म्हणाली, “मला वाटलं मला जास्त कळतं. चूक झाली.”

एवढंच. ना सबब, ना माफी. मी तयार करून आणलेले नऊ प्रश्न खिशातच राहिले.

उद्यापासून मिर्ता येणार नाही. चित्रपटाच्या शेवटी तिचं नाव येणार नाही. तिन्ही किल्ल्या माझ्याकडे.

बाहेर फुल्विया जिन्यात कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, “पेन्शनला तुला तीन वर्षं उरलीत ना?”

“दोन वर्षं अकरा महिने. त्याचा इथे काय संबंध?”

“काही नाही,” ती म्हणाली.

आनंद व्हायला हवा तेवढा झाला नाही. नऊ प्रश्न विचारायचे राहिले, त्याची रुखरुख असेल.

४ मार्च, गुरुवार

चौथं रीळ लॅबमधून आलं. यातला प्रत्येक पंख शुद्ध, माझ्या बरणीतला, मध्ये कुणाचा हात नाही. आलिसेआ मिठाच्या महालावरून उडते तो प्रसंग.

पडद्यावर अप्रतिम होतं. चौदा असा होता की मला पहिल्या भागाची आठवण झाली. दिवे लागले. आठही बायका आपापल्या मांडीकडे बघत होत्या. लोकांना शुद्ध रंगाची सवय सुटली की असं होतं.

बोनेत्ता आज नातीला घेऊन आले होते. नाव जाडा, सहा वर्षांची, दोन वेण्या, हातात आलिसेआची बाहुली. तिने आजोबांची बाही ओढली. “नोन्नो, आलिसेआ वांग्याच्या रंगाची का झाली?”

बोनेत्ता म्हणाले, “कुठे गं?”

“पंख. ही बघ ना माझी.” तिने बाहुली पडद्यापुढे धरली.

मी त्या मुलीला नीट पाहून घेतलं. तिच्या खिशात गोळ्यांचे कागद होते, तीन. मिर्ता याच रस्त्याने बसला जाते. सहा वर्षांच्या पोरीलाही फितवायला माणसं कमी करत नाहीत.

बोनेत्तांनी बाहुली घेतली, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “त्या मिर्ताने जाताना बरण्यांत काहीतरी घालून ठेवलं असणार,” ते म्हणाले. “अख्खं रीळ फुकट. नुकसानभरपाईची नोटीस पाठवतो तिला. वकिलाला आजच सांगतो.” पण हे बोलताना ते माझ्याकडेच बघत होते.

बरण्यांना कुणी हात लावला नव्हता. किल्ल्या माझ्या गळ्यात होत्या. हे मी तिथे सांगायला हवं होतं, आणि सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते मला सांगता येत नाही.

८ मार्च, सोमवार

सावकाश लिहितो, कारण एका डोळ्याने लिहितो आहे.

आज बायकांचा दिवस. दरवर्षीप्रमाणे आठ जणींसाठी मिमोझाच्या आठ डहाळ्या घेतल्या. आमचा बोरा वारा सुटला होता, ताशी शंभरच्या वर असेल. माणसं खांबांना धरून चालत होती. चौकात वाऱ्याने वाळूचा सपकारा उजव्या डोळ्यात मारला. औषधवाल्याने डोळा धुतला, मलम घातलं आणि पट्टी बांधली. म्हणाला, “संध्याकाळपर्यंत काढू नका.” त्याआधी माझ्यावर वाकून डोळ्यात दिवा मारताना जरा थांबला होता. “हा डोळा कुणाला दाखवलाय का?” मी म्हटलं, वाळू आहे, दाखवायचं काय.

दहाला पोचलो. टेबलावर डहाळ्या ठेवल्या आणि जरा चमकलो. फुलं लिंबासारखी लख्ख पिवळी होती. दुकानात घेतली तेव्हा मोहरीच्या चटणीसारखी दिसली होती, म्हणून शिळी समजून घासाघीससुद्धा केली होती.

दिवे पांढरे होते. कुणीतरी नळ्या बदलल्या असं वाटलं.

मग चौदाची बरणी उघडली. जांभळी. वांग्याची म्हणणार नाही, पण वांग्याच्या देठाजवळचा जो रंग असतो तो. किल्ल्या माझ्या गळ्यात. केस झाकणावर शाबूत.

डबा उघडला, कार्ड काढलं. कार्ड निळं होतं. पहाटेचे सहा. बाविसावा. कुणी बदललेलं नव्हतं, सहीही कुणी उठवलेली नव्हती.

औषधवाल्याने सांगितलं होतं तरी पट्टी वर केली. पाणी पुसलं. पुठ्ठा घेतला. उजवा डोळा: कार्ड मळकं, बरणी बरोबर. डावा डोळा: कार्ड बरोबर, बरणी जांभळी. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. अकरा वेळा केलं. खिडकीजवळ, दिव्याखाली, सावलीत. अकराही वेळा तेच.

पहिल्या दुसऱ्या तिसऱ्या रिळाच्या पट्ट्या काढल्या आणि डाव्या डोळ्याने पाहिल्या. नोव्हेंबरपासूनचा एकेक पंख. सगळे चौदा. एकही चूक नाही.

बायका आत आल्या. मी त्यांना डहाळ्या दिल्या. त्यांच्यातली सगळ्यात थोरली, जिआनोला, म्हणाली, “तुल्लिओ, डोळ्याला काय झालं?” माझ्या तोंडून गेलं, “वाळू.” ती म्हणाली, “हं.” त्या एका ‘हं’वरून मला कळलं की आठही जणींना ठाऊक आहे. कधीपासून, ते विचारलं नाही.

९ मार्च

विचार केला. कुणाला कळणार नाही. डावा डोळा चांगला आहे. पुठ्ठा या डोळ्यावरून त्या डोळ्यावर न्यायचा, एवढंच. दोन वर्षं अकरा महिने सहज निघतील. बोनेत्तांनी दोष मिर्तावर ठेवलाच आहे, आणि तिने तो अंगावर घेतलाच आहे. मी काहीही करायची गरज नाही. फक्त गप्प बसायचं.

नेरिनाला सगळं सांगितलं. तिने योता सूपची वाटी माझ्यापुढे ठेवली, समोर बसली.

“तर मग चादर पांढरी आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“वायरमन?”

“खरं बोलत होता.”

“नोटीस त्या मुलीला कधी मिळणार?”

“शुक्रवारी.”

“मग आज बुधवार असता तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “तुला एक दिवस कमी मिळाला असता असं बसून राहायला.”

जेवण झाल्यावर कागद घेतला. दुसरी तक्रार लिहिली. आरोपी तुल्लिओ कोसार. साडेचार पानं. पहिल्या तक्रारीतले सात मुद्दे एकेक करून खोडले, आणि चौथ्या रिळातल्या सहाशे बारा पत्र्यांचे नंबर जोडले. शेवटी लिहिलं की रंगशाळेने स्वतःच्या प्रमुखाची चूक तीन महिने, तीन रिळं, एकही पत्रा न बिघडवता निस्तरली, आणि मिलानच्या कुठल्याही संगणकाने हे केलेलं माझ्या ऐकिवात नाही. हे वाक्य तीनदा लिहून पाहिलं. चांगलं आहे.

१० मार्च, बुधवार

बोनेत्तांनी उभ्यानेच वाचलं. मला बसा म्हणाले नाहीत, पाणीही नाही.

“हे तुम्ही स्वतः मला लिहून देताय,” ते म्हणाले.

“सहीसकट.”

“याचा अर्थ काय होतो, कळतंय ना? कंपनीचा डॉक्टर बघेल. महिनाअखेरीस तुमच्याबद्दल काय ते ठरवू.”

“ठरवा. नोटीस थांबवा.”

त्यांनी पानं उलटली. “आणि चौदा कोण करणार? एप्रिलच्या आत चौथं रीळ पुन्हा भरायचंय.”

“जी नोव्हेंबरपासून करतेय, ती.”

फुल्विया दारात उभी होती, ते मला नंतर दिसलं. तिने कपाटाच्या दोन किल्ल्या माझ्या गळ्यातल्या दोरीतून सोडवून घेतल्या. तिसरी राहू दिली.

संध्याकाळी पाचला मिर्ताच्या घरी गेलो. रोयानोत, रेल्वेच्या मागे, चौथा मजला, लिफ्ट नाही. दार उघडून ती तशीच उभी राहिली. हातात भांडी घासायचा स्पंज.

“मास्तर.”

आज मला त्यात चेष्टा ऐकू आली नाही. कदाचित कधीच नसावी. तिला परत बोलावल्याचं बोनेत्तांचं पत्र दिलं. तिने ते ओल्या हाताने वाचलं, शाई थोडी फुटली.

“तुम्ही सांगितलंत त्यांना,” ती म्हणाली. “कशाला सांगितलंत? आता ते तुम्हाला...”

“ते माझं मी बघेन. मला आकडे हवेत. पिवडी किती घालत होतीस?”

“मास्तर, आत तर या.”

“आधी आकडे.” वही काढली, चौकटीला टेकून उभा राहिलो. “नोव्हेंबर.”

“एका बरणीला पाव चमचा.”

“डिसेंबर.”

“अर्धा. नाताळनंतर पाऊण.”

“जानेवारी.”

“एक. शेवटी शेवटी दीड.”

“फेब्रुवारी.”

नळ चालू राहिला होता. आत जाऊन तिने तो बंद केला आणि परत दारात आली.

“फेब्रुवारीत मी मोजणं सोडलं,” ती म्हणाली. “आकडा बघवत नव्हता.”

त्या महिन्यापुढची जागा कोरी ठेवली आहे.